रास्पबेरी पायचं पहिलं किट: डब्यात काय हवं, काय नको

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात आठवी-नववीच्या सहा मुलांसाठी रास्पबेरी पायवर, म्हणजे एकाच छोट्या बोर्डावरच्या संगणकावर, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि जोडीला थोडं तारा जोडायचं काम सुरू करायचं आहे. दोन बोर्डांपुरते पैसे जमले आहेत. जागेवर एचडीएमआय असलेला एक टीव्ही आणि फक्त व्हीजीए असलेला एक जुना मॉनिटर आहे. वायफाय आहे. वीज दिवसातून एकदोनदा जाते, उन्हाळ्यात खोली चांगलीच तापते.

ऑनलाइन बघितलं तर स्टार्टर किट, अल्टिमेट किट, ३७ सेन्सरचं किट असे असंख्य डबे दिसतात. प्रश्न तीन. पाय ४ घ्यावा की पाय ५, आणि रॅम किती? तयार किट घ्यावं की सगळं सुटं? आणि कोणत्या वस्तूवर पैसे वाचवायला जाऊ नये?

ओहमचा_नियम

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे चुकलं तर पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कितीही बरोबर असली तरी उपयोग नाही. पैसे वाचवू नयेत अशा वस्तू दोनच: अ‍ॅडॉप्टर आणि मेमरी कार्ड. 'पाय मध्येच बंद पडतो', 'माउस अडकतो', 'वायफाय तुटतं' अशा तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा या दोहोंपैकी एक असतं.

पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा यूएसबी-सी अ‍ॅडॉप्टर लागतो. ५ नाही, ५.१. वरचा ०.१ व्होल्ट केबलमध्ये पडणाऱ्या व्होल्टेजसाठी ठेवलेला असतो. बोर्डवरचं व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेलं की स्क्रीनवर विजेचं चिन्ह येतं आणि प्रोसेसरचा वेग उतरवला जातो. आता मोबाइलची नेहमीची बारीक केबल घ्या. आतली तार २८ गेजची असेल तर तिचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. करंटला जायचं आणि यायचं असतं, म्हणून एक मीटर केबलचा ०.४२ ओहम धरायचा. दीड अँपिअर खेचला की ०.६३ व्होल्ट केबलमध्येच गेला. ५.१ चे ४.४७ उरले. अ‍ॅडॉप्टर उत्तम असूनही बोर्ड उपाशी! रास्पबेरी पायच्या स्वतःच्या १५ वॉटच्या अ‍ॅडॉप्टरला केबल कायमची जोडलेली असते आणि ती १८ गेजची असते, त्यामागे हेच कारण आहे.

किटच्या वर्णनात नुसतं '३ अँपिअर अ‍ॅडॉप्टर' लिहिलेलं पुरेसं नाही. व्होल्टेज ५.१ आहे का, केबल जोडलेली आहे का, आणि बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला आहे का, एवढं फोटो मोठा करून बघा. अधिकृत अ‍ॅडॉप्टर भारतीय प्लगमध्येही मिळतो. परदेशी प्लग आणि वर फुकटचा सैल कन्व्हर्टर देणारं किट घेऊ नका. सॉकेटमध्ये हलणारा प्लग म्हणजे दिवसातून चार वेळा वीज गेल्यासारखंच.

तांबडी_तार

अ‍ॅडॉप्टरबद्दल +१. मॉडेलचं मी सांगते.

मुलांना पायथन, स्क्रॅच (ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायची भाषा) आणि एलईडी-बटणं यांसाठी पाय ४ भरपूर आहे. पाय ५ (ऑक्टोबर २०२३ पासून बाजारात) दोन ते तीनपट वेगवान आहे आणि ब्राउझर उघडला की तो फरक जाणवतो, पण त्याच्यासोबत खर्चाचं शेपूट येतं. २७ वॉटचा अ‍ॅडॉप्टर वेगळा. थंड ठेवायला पंखा जवळपास सक्तीचा. कॅमेऱ्याची पट्टी वेगळी, कारण पाय ५ वरचं कॅमेरा सॉकेट २२ पिनांचं आणि नेहमीच्या कॅमेऱ्यावरचं १५ पिनांचं. आणि ३.५ मिमीचा ऑडिओ जॅक काढून टाकलेला आहे, म्हणजे आवाज फक्त एचडीएमआयमधून, यूएसबीमधून किंवा ब्लूटूथवर.

रॅम: स्क्रॅच ३ साठी किमान २ जीबी धरा. थॉनी (पायथन लिहायचा प्रोग्रॅम) आणि ब्राउझरचे चारपाच टॅब एकदम उघडायचे तर ४ जीबी. ८ आणि १६ जीबीचे पैसे या कामात वाया जातील, त्यातून २०२५ च्या अखेरीला रॅम महागल्यामुळे मोठ्या रॅमच्या बोर्डांच्या किमती आणखी वर गेल्या आहेत. माझं मत स्पष्ट आहे: पाय ४, ४ जीबी, दोन्ही बोर्ड एकसारखे. एक पाय ४ आणि एक पाय ५ अजिबात घेऊ नका. शिकवताना प्रत्येक पायरी दोनदा सांगावी लागेल.

एक इशारा. स्वस्त दिसणारं 'रास्पबेरी पाय पिको किट' चुकून मागवू नका. पिको हा मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड आहे. त्याला टीव्ही, कीबोर्ड जोडून डेस्कटॉप दिसत नाही, तो दुसऱ्या संगणकावरून प्रोग्रॅम करायचा असतो. झीरो २ डब्ल्यू संगणक आहे खरा, पण त्याला ५१२ एमबीच रॅम, एकच डेटा यूएसबी आणि तीही मायक्रो, शिवाय मूळ आवृत्तीला तारा जोडायच्या पिनाही सोल्डर कराव्या लागतात. वर्गासाठी नको.

रात्रपाळी

सहा मुलं, दोन बोर्ड आणि दरवेळी तारा काढ-घाल हे चित्र असेल तर पाय ४०० किंवा ५०० चा विचार का नाही? कीबोर्डच्या आतच संगणक. केस, उष्णता, कीबोर्ड सगळं एका झटक्यात सुटतं. ४०० मध्ये ४ जीबी रॅम असते आणि आत पसरट धातूचा पत्रा असल्यामुळे पंखा लागत नाही. त्यांच्या पूर्ण किटमध्ये माउस, अ‍ॅडॉप्टर, कार्ड, एचडीएमआय केबल आणि इंग्रजी पुस्तक येतं.

तांबडी_तार

फक्त पायथन शिकवायचं असतं तर मीही ४०० च सांगितला असता. इथे तारा जोडायच्या आहेत. ४०० च्या पिना मागच्या कडेला आडव्या खाचेत असतात. पिनांचे क्रमांक दिसत नाहीत आणि मूल समोरून वाकून अंदाजाने तार खुपसतं. पट्टी (रिबन केबल) लावून ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता भाग खोचायच्या छिद्रांच्या पाटीवर, आणणं भागच पडतं. आणि दोन्हींना कॅमेऱ्याचं सॉकेट नाही. पुढेमागे झाडाच्या वाढीचे फोटो काढायचा प्रकल्प करायचा म्हटला तर अडेल.

ओहमचा_नियम

४०० बद्दल रात्रपाळींचा मुद्दा उष्णतेसाठी मात्र महत्त्वाचा आहे, तो सोडून देऊ नका. पाय ४ चा प्रोसेसर ८० अंशांना वेग उतरवायला लागतो आणि ८५ ला जोरात ब्रेक मारतो. खोलीच ४० अंशांवर असेल तर बंद अ‍ॅक्रिलिक डब्यात तिथे पोचायला वेळ लागत नाही. किटमध्ये येणारे चिकटपट्टीचे चिमुकले अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे थोडाफार फरक पाडतात, पण उन्हाळ्यात गोंद सैल होऊन ते निसटतात. निसटलेला धातूचा तुकडा चालू बोर्डवर पडला तर शॉर्ट.

त्यावर किटवाले पंखा देतात आणि तिथे एक अडचण आहे. ती किट बघताना लक्षात येत नाही. पाय ४ ला पंख्याचं वेगळं सॉकेट नाही. पंख्याची लाल तार ४ नंबरच्या पिनेवर आणि काळी ६ नंबरवर लावायची असते. आता ४० पिनांची पट्टी लावायची म्हटली की जागा व्यापलेली! एक तर पंखा, नाही तर ब्रेडबोर्ड. म्हणून पाय ४ ला पंख्याशिवायची जाड अ‍ॅल्युमिनियमची केस घ्या. तिचा खांब थर्मल पॅडमधून थेट प्रोसेसरला टेकतो आणि पिना मोकळ्या राहतात. वायफायची पकड थोडी कमी होते, राउटर त्याच खोलीत असेल तर फरक पडत नाही. मात्र पिनांच्या बाजूची फट पट्टीचा कनेक्टर बसेल एवढी रुंद आहे का ते फोटोत नक्की बघा.

पाय ५ ला पंख्यासाठी चार पिनांचं स्वतंत्र सॉकेट आहे, त्यामुळे ही भांडणं तिथे नाहीत. त्याचा अधिकृत अ‍ॅक्टिव्ह कूलर ६० अंशांना फिरू लागतो आणि ७५ ला पूर्ण वेगात जातो.

पाटीपेन्सिल

फार उपयोगी. दोन उपप्रश्न. वाचनालयात ६५ वॉटचा लॅपटॉपचा यूएसबी-सी चार्जर आहे, तो पाय ५ ला चालणार नाही का? २७ पेक्षा ६५ कितीतरी जास्त. दुसरं, व्हीजीए मॉनिटरचं काय करायचं?

ओहमचा_नियम

वॉट जास्त आहेत, पण कोणत्या व्होल्टेजला, ते बघायचं. ६५ वॉटचा चार्जर ते ६५ वॉट २० व्होल्टला देतो. ५ व्होल्टला तो बहुतेक करून ३ अँपिअरच देतो, म्हणजे १५ वॉट. पाय ५ ला ५ व्होल्टलाच ५ अँपिअर हवेत आणि हे प्रमाण बाजारातल्या चार्जरांमध्ये दुर्मीळ आहे. १०० वॉटच्या चार्जरचीही तीच गत.

३ अँपिअरवर पाय ५ सुरू होतो, जळत वगैरे नाही. पण तो स्क्रीनवर तसा इशारा देतो आणि चारही यूएसबी पोर्टांना मिळून ६०० मिलीअँपिअरची मर्यादा घालतो. ५ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर असला की तीच मर्यादा १.६ अँपिअर होते. कीबोर्ड-माउस ६०० मध्ये निभावतात, बाहेरची हार्ड डिस्क नाही. यूएसबीवरून बूट करायला गेलात तर तो थेट थांबून विचारतो.

टीव्हीच्या यूएसबी पोर्टवरून पाय चालवायचा मोह बऱ्याच जणांना होतो. तो पोर्ट पेनड्राइव्हसाठी असतो, करंट अर्ध्या ते एक अँपिअरचा. तिथे लावू नका.

जुना_मॉनिटर

व्हीजीएचं उत्तर: एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर लागेल, नुसती केबल नाही. एचडीएमआय डिजिटल, व्हीजीए अ‍ॅनालॉग, मध्ये चिप लागतेच. बाजूला मायक्रो यूएसबीचं छोटं भोक असलेला कन्व्हर्टर घ्या म्हणजे त्याला बाहेरून वीज देता येते. तशी सोय नसलेले कन्व्हर्टर एचडीएमआयच्या ५ व्होल्टच्या पिनेवरून वीज ओढतात आणि मध्येच चित्र जातं.

पाय ४ वर मायक्रो एचडीएमआयची दोन भोकं असतात. यूएसबी-सीच्या लगतचं ते पहिलं. एकच पडदा असेल तर तेच भोक वापरा. दुसऱ्यात लावून 'बोर्ड मेला' असं समजून परत पाठवणारे बरेच असतात.

जुना मॉनिटर स्वतःची माहिती नीट सांगत नसेल तर चित्र येत नाही किंवा कडा कापल्या जातात. जुन्या लेखांमध्ये कॉन्फिग फाइलमधल्या एचडीएमआय फोर्स हॉटप्लगच्या ओळी दिलेल्या असतात, नव्या ग्राफिक्स ड्रायव्हरवर त्यांचा परिणाम होत नाही. आता बूट विभागातल्या सीएमडीलाइन फाइलच्या त्याच एका ओळीत शेवटी व्हिडिओचं मोड लिहायचं: एचडीएमआय-ए-१, १०२४ बाय ७६८, ६० हर्ट्झ आणि शेवटी मोठं डी. ओळ तोडायची नाही. फाइलमध्ये दुसरी ओळ तयार झाली तर तिथलं वाचलंच जात नाही.

कोरी_पाटी

कार्डाबद्दल अजून कोणी लिहिलं नाही म्हणून. ३२ जीबी, त्यावर ए१ किंवा ए२ छापलेलं असावं. कार्डावरचे मोठे एमबी प्रति सेकंदचे आकडे कॅमेऱ्याच्या सलग लिखाणासाठी असतात. पायवर ऑपरेटिंग सिस्टीम हजारो लहान लहान फाइली वाचते-लिहिते, त्याचं माप म्हणजे ए१: सेकंदाला किमान १५०० वाचनं आणि ५०० लेखनं.

किटमधल्या 'सिस्टीम टाकून दिलेल्या' कार्डावर विसंबू नका. पाय ५ ला बुकवर्म (रास्पबेरी पायच्या सिस्टीमची ऑक्टोबर २०२३ ची आवृत्ती) किंवा त्यानंतरचीच सिस्टीम लागते. दुकानात पडून राहिलेल्या किटमधलं जुनं कार्ड त्यात चालतच नाही. काही किटांत अजून नूब्जचं (सिस्टीम टाकायच्या जुन्या साधनाचं) कार्ड मिळतं, ते तर कधीच बंद झालं. काहीही असो, कार्ड पुसून स्वतः लिहा. लॅपटॉपवर रास्पबेरी पाय इमेजर घ्या, त्यात मॉडेल, सिस्टीम, कार्ड निवडा. लिहिण्याआधी तो सेटिंग विचारतो, तिथे वापरकर्त्याचं नाव, पासवर्ड, वायफाय आणि देश भारत हे भरून टाका. देश न भरल्यामुळे वायफाय बंद राहतं आणि लोक राउटरला दोष देतात. एप्रिल २०२२ पासून 'पाय' आणि 'रास्पबेरी' हे तयार नाव-पासवर्डही काढून टाकलेत, जुन्या पुस्तिकेत दिलेले असतात ते चालणार नाहीत. तसंच वायफायची फाइल कार्डात टाकायची जुनी युक्ती बुकवर्मपासून गेली. आता नेटवर्कमॅनेजर काम बघतो.

लिहिण्यापूर्वी कार्ड खरं आहे का ते तपासा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफ३. पूर्ण कार्ड भरून परत वाचायचं, ३२ जीबीला वेळ लागतो, लागू द्या. खोट्या कार्डात ८ जीबीची चिप असते आणि ३२ चा आकडा सांगायला शिकवलेलं असतं. ८ जीबी भरेपर्यंत सगळं छान, त्यानंतर लिहिलेलं हवेत. आणि इमेजरमधली शेवटची पडताळणी वेळ वाचवायला रद्द करू नका.

ओहमचा_नियम

कोरी_पाटी यांच्या प्रतिसादात एक भर. वीज अचानक गेली तर कार्डावरची फाइलव्यवस्था बिघडू शकते. पाटीपेन्सिल यांच्याकडे ती रोजच जाते, म्हणून प्रत्येक बोर्डामागे दोन कार्डं घ्या. एक तयार केलं की अ‍ॅक्सेसरीजमधल्या एसडी कार्ड कॉपियरने यूएसबी रीडरमधल्या दुसऱ्या कार्डावर प्रत काढून पाकिटात ठेवा. वर्गाच्या मधोमध बिघाड झाला तर कार्ड बदलून दोन मिनिटांत पुढे जाता येतं.

दुसरा मार्ग ओव्हरले फाइल सिस्टीम, रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्रॅममधल्या परफॉर्मन्स विभागात. चालू केली की कार्डावर काहीच लिहिलं जात नाही, सगळे बदल रॅममध्ये. वीज गेली तरी कार्ड जसंच्या तसं. पण मुलांनी लिहिलेले प्रोग्रॅमही बंद करताच पुसले जातात, त्यामुळे प्रत्येक गटाला पेनड्राइव्ह द्यावा लागेल आणि तिथेच सेव्ह करायची सवय लावावी लागेल. माझ्या मते पहिला महिना दोन कार्डं पुरेत.

पॉवर बँक मध्ये टाकून यूपीएस करण्याची कल्पना येईल. बहुतेक पॉवर बँका चार्जिंगवरून बॅटरीवर जाताना क्षणभर आउटपुट तोडतात, तेवढ्यात पाय रीस्टार्ट होतो. वाचनालयात इन्व्हर्टर असेल तर टीव्ही आणि पाय दोन्ही त्याच लाइनवर घ्या.

पाटीपेन्सिल

इन्व्हर्टर आहे, लाइन ओढून घेता येईल. आता सेन्सरच्या डब्याबद्दल. ३७ सेन्सर म्हटल्यावर मुलं खूश होतील असं वाटतं.

तांबडी_तार

त्या ३७ मधले बरेच मॉड्यूल आर्डुइनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डासाठी बनलेले असतात. पायला दोन गोष्टी जमत नाहीत. एक, त्याला अ‍ॅनालॉग इनपुट नाही. मातीचा ओलावा, आवाजाची पातळी, जॉयस्टिक, पोटेन्शिओमीटर यांचं व्होल्टेज तो थेट मोजू शकत नाही, मध्ये एमसीपी३००८ सारखी चिप लागते आणि बहुतेक डब्यांत ती नसते. दोन, त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. ५ व्होल्ट शिरलं की ती पिन, कधी पूर्ण चिप जाते. बोर्डावर त्यासाठी कुठलंच संरक्षण नाही.

अंतर मोजणाऱ्या एचसी-एसआर०४ चं उदाहरण घ्या, प्रत्येक डब्यात असतो. तो ५ व्होल्टवर चालतो आणि त्याची एको पिन ५ व्होल्टच बाहेर देते. एको आणि पायच्या पिनेमध्ये १ किलोओहम, त्या पिनेपासून ग्राउंडला २ किलोओहम, असे दोन रेझिस्टर लावले की ३.३ होतात. हे रेझिस्टर किटमध्ये आहेत का, पुस्तिकेच्या आकृतीत दाखवलेत का, एवढं बघितलं तरी किट बनवणाऱ्याने पायचा विचार केलाय की आर्डुइनोच्या डब्यावर नवं लेबल लावलंय ते कळतं. हालचाल ओळखणारा एचसी-एसआर५०१ मात्र ५ व्होल्टवर चालूनही ३.३ देतो, तो थेट लावा.

तापमानासाठी डीएचटी११ ऐवजी डीएस१८बी२० सेन्सर घ्या. डीएचटी११ ला मायक्रोसेकंदांचं गणित सांभाळावं लागतं, लिनक्स मध्येच दुसऱ्या कामाला जातं आणि वाचन चुकतं. मुलांना वाटतं आपलाच प्रोग्रॅम चुकला. डीएस१८बी२० साठी कर्नलमध्येच ड्रायव्हर आहे. डेटा आणि ३.३ व्होल्टमध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर, डेटा जीपीआयओ ४ वर (जीपीआयओ म्हणजे प्रोग्रॅममधून वापरायच्या पिना), म्हणजे बोर्डावर मोजली तर ७ नंबरची पिन, आणि वन-वायर चालू करायचं. तापमान मजकुराच्या फाइलमध्ये मिळतं.

रिले (विजेवर चालणारा स्विच) मॉड्यूल मुलांच्या डब्यातून सरळ काढून ठेवा. २३० व्होल्टचा विषय या वर्गात नकोच. शिवाय स्वस्त रिले ५ व्होल्टच्या सिग्नलवर चालतात. पिन वर गेली तरी ती ३.३ लाच असते, आतल्या ऑप्टोवर (सिग्नल घेणाऱ्या भागावर) १.७ व्होल्ट उरतात आणि रिले कधीकधी सुटतच नाही.

सोल्डर_स्टेशन

सुटे भाग घ्यायचे असतील तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासची दुकानं, एका फेरीत सगळं मिळतं. एका बोर्डासाठी माझी यादी: ८३० छिद्रांचा ब्रेडबोर्ड १, मेल-फीमेल जंपर २० आणि मेल-मेल ३०, लाल-हिरवे-पिवळे ५ मिमी एलईडी प्रत्येकी ५, ३३० ओहम २०, १ के आणि २ के प्रत्येकी ५, ४.७ के ५, १० के ५, पुश बटणं ६, बीसी५४७ ट्रान्झिस्टर ५, अ‍ॅक्टिव्ह बझर १, डीएस१८बी२० १, एचसी-एसआर०४ १, एचसी-एसआर५०१ १, एलडीआर (उजेडाचा सेन्सर) २ आणि १ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर २. निळे-पांढरे एलईडी मुद्दाम नाहीत, त्यांनाच ३ व्होल्टच्या आसपास लागतात, ३.३ वर फिके पेटतात. लालला २ व्होल्ट, ३३० ओहममधून ४ मिलीअँपिअर, पिनेला अगदी सुखाचं. एका पिनेतून १६ मिलीअँपिअरच्या वर जायचं नाही. ५ व्होल्टचा बझर सुमारे ३० ओढतो, म्हणून बीसी५४७ आणि बेसला १ के. मोटर तर थेट कधीच नाही.

एलडीआर आणि कपॅसिटरची जोडी अ‍ॅनालॉगची उणीव बऱ्यापैकी भरून काढते: कपॅसिटर भरायला किती वेळ लागला त्यावरून उजेड. जीपीआयओझीरो या पायथन लायब्ररीमध्ये लाइटसेन्सर नावाने तयार आहे.

टी आकाराची जोडपट्टी, म्हणजे कॉबलर, नक्की घ्या. तिच्यावर पिनांची नावं छापलेली असतात, मुलांना मोजत बसावं लागत नाही. पण ४० पिनांची रिबन बोर्डावर उलटी बसू शकते, बोर्डाच्या बाजूला खाच नसते. उलटी बसली की २ नंबरची पिन ३९ च्या जागी येते. ३९ म्हणजे ग्राउंड, आणि कॉबलरवर सगळे ग्राउंड एकत्र जोडलेले असतात. म्हणजे बोर्डाचे ५ व्होल्ट एकाच वेळी जीपीआयओ ४, १७, २३, ९, १२, १९ आणि ० या सात पिनांवर. एकही भाग न जोडता बोर्ड संपला. रिबनची लाल कड १ नंबरच्या पिनेकडे. १ नंबर यूएसबी पोर्टांपासून लांबच्या टोकाला, बोर्ड उलटा केला तर तिचं सोल्डर चौकोनी दिसतं. रिबन एकदा मोठ्या माणसाने बसवायची, केसवर मार्करने खूण करायची आणि नंतर कॉबलरच्या बाजूने काढ-घाल करायची.

रात्रपाळी

अवांतर वाटेल, पण पुस्तिकांबद्दल. किटसोबतच्या बऱ्याच पुस्तिका आरपीआय.जीपीआयओ लायब्ररी वापरतात. पाय ५ वर ती चालत नाही, कारण पिना आता आरपी१ या वेगळ्या चिपवर आहेत आणि ही लायब्ररी थेट जुन्या पत्त्यांवर जाते. पाय ४ घेतलात तरी जीपीआयओझीरोच शिकवा, तोच प्रोग्रॅम दोन्हीकडे चालतो. एलईडी लुकलुकवायला चार ओळी पुरतात. आणि पिपने (पायथनची पॅकेजं टाकायच्या साधनाने) काही टाकायला गेलात तर बुकवर्मपासून सिस्टीम नकार देते. तिला जबरदस्ती करायच्या पर्यायाऐवजी आधी तेच पॅकेज एपीटीमध्ये (सिस्टीमच्या स्वतःच्या पॅकेजांत) आहे का बघा, नाही तर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या प्रकल्पापुरती वेगळी जागा) करा.

मराठी दिसण्यासाठी फॉन्ट्स-देवा हे पॅकेज टाका. कीबोर्ड मांडणीत भारत निवडून मराठी इनस्क्रिप्ट मिळतो. प्रोग्रॅममधली वाक्यं मराठीत छापता आली की आठवीच्या मुलांची भीड लवकर चेपते.

कोरी_पाटी

माल आल्यावर परतीची मुदत संपायच्या आत हे करा: पिनांना काहीही न लावता फक्त कार्ड, पडदा, कीबोर्ड-माउस जोडून सुरू करा. लाल दिवा लागला पण हिरवा लुकलुकला नाही तर आधी कार्ड. पाय ४ चा हिरवा दिवा चार वेळा लुकलुकून थांबत असेल तर बूटची फाइल सापडत नाही, सात वेळा म्हणजे कर्नल सापडत नाही, दोन्हीला कार्ड पुन्हा लिहा. सुरू झाल्यावर एक व्हिडिओ अर्धा तास लावा आणि टर्मिनलमध्ये व्हीसीजेनसीएमडीचं गेट-थ्रॉटल्ड (व्होल्टेज कमी पडलं का, वेग उतरला का ते सांगणारी आज्ञा) विचारा. उत्तर शून्य हवं. ५०००५ आलं तर शेवटचा ५ म्हणजे या क्षणी व्होल्टेज कमी आहे, पहिला ५ म्हणजे सुरू झाल्यापासून कधीतरी कमी झालं होतं. नुसतं ५०००० असेल तरी अ‍ॅडॉप्टर परत करा. ई०००० म्हणजे व्होल्टेज ठीक, बोर्ड तापतोय, केस तपासा.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलेली मागणी: पाय ४, ४ जीबी, २. अधिकृत १५ वॉटचे भारतीय प्लगचे अ‍ॅडॉप्टर २. पंख्याशिवायच्या अ‍ॅल्युमिनियम केस २, पिनांची फट रुंद. ए१ ची ३२ जीबी कार्डं ४ आणि यूएसबी रीडर १. मिनी एचडीएमआय ते एचडीएमआय केबल २. बाहेरून वीज घेणारा व्हीजीए कन्व्हर्टर १. तारांचे यूएसबी कीबोर्ड-माउस २ जोड. कॉबलर २. सुटे भाग सोल्डर_स्टेशन यांच्या यादीप्रमाणे, दुप्पट. तयार किट नाही.

जुना_मॉनिटर

केबल मिनी नाही, मायक्रो. मिनी झीरोला लागते, पाय ४ च्या भोकात शिरणार नाही. आणि व्हीजीए कन्व्हर्टरचं इनपुट पूर्ण आकाराचं एचडीएमआय फीमेल घ्या, म्हणजे तीच मायक्रो केबल टीव्हीला आणि कन्व्हर्टरला दोन्हीकडे चालेल.

पाटीपेन्सिल

दुरुस्त केलं. मायक्रो एचडीएमआय ते एचडीएमआय २, कन्व्हर्टर फीमेल इनपुटचा.